चीज, बांगडा आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधके : पथ्याच्या एका यादीची चिकित्सा

प्रस्तावना

मालवण तालुक्यातील धामापूर हे गाव दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून अडविलेल्या तलावासाठी प्रसिद्ध आहे. विजयनगरच्या राजवटीचा मांडलिक नागेश देसाई याने इ.स. १५३० मध्ये तो बांधला. काठावर भगवतीचे मंदिर, भोवती माड-पोफळीची आगरे आणि काही मैलांवर मालवणचा समुद्र अशी या परिसराची रचना आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला वारसा सिंचन संरचनेचा मान दिला. मनोविकारांवरील औषधांच्या चर्चेत अशा गावाचे नाव प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु काही औषधे अशी असतात की त्यांची सुरक्षितता केवळ मात्रेवर अवलंबून नसते, ती रुग्णाच्या ताटात काय वाढले आहे यावरही अवलंबून असते. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधके हा त्यांतील सर्वांत ठळक वर्ग होय. अशा औषधाविषयी दिलेले पथ्य ज्या स्वयंपाकघरात पाळायचे त्याच स्वयंपाकघरात तपासले गेले पाहिजे. धामापूरसारख्या गावातील घर या तपासणीस सोयीचे आहे.

या औषधांचे जे विवेचन पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाते त्याच्या शेवटी वर्ज्य पदार्थांची एक यादी असते. जुने मुरलेले चीज, कियांती नावाचे तांबडे मद्य, यीस्टचा अर्क, खारवलेले हेरिंग, ब्रॉड बीनच्या शेंगा. ही यादी १९६० च्या दशकात इंग्लंडच्या भोजनटेबलावर तयार झाली. ती चुकीची नाही. ती परक्या घरची आहे, आणि तिच्यामागील कार्यकारणभाव न सांगता ती जशीच्या तशी उतरवून घेतली तर निरुपद्रवी पदार्थ वर्ज्य ठरतात आणि उपद्रवी पदार्थ सुटून जातात.

यावर एक आक्षेप संभवतो. नैराश्यावर ही औषधे आज क्वचितच दिली जातात. मग त्यांच्या पथ्याची चर्चा कशासाठी? फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन यांसारखी मूळ औषधे मागे पडली हे खरे आहे. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यातच त्यांचा विचार होतो. परंतु हेच विकर रोखणारी औषधे दुसऱ्या नावांनी आणि दुसऱ्या विभागांतून घरोघर पोहोचली आहेत. कंपवातावरील सेलेजिलिन व रासाजिलिन ही त्यांपैकीच. दाद न देणाऱ्या क्षयावरील लिनेझोलिड हे प्रतिजैविकही सौम्य प्रमाणात हेच काम करते. ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक’ ही पाटी त्यांच्यावर ठळकपणे लावलेली नसते, एवढाच फरक.

एका नावाचे विस्मरण

१९२८ मध्ये केंब्रिज येथे संशोधन करणाऱ्या मेरी हेअर (पुढे बर्नहाइम) यांना सशाच्या यकृतात एक एन्झाइम, म्हणजेच विकर, आढळले. ते टायरामाइन या द्रव्याचे ऑक्सिडीकरण करीत असे, म्हणून त्याला ‘टायरामाइन ऑक्सिडेज’ असे नाव मिळाले. पुढे हेच विकर त्या गटातील इतरही अमाइनांचे विघटन करते असे दिसून आले आणि झेलर यांच्या संशोधनातून ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज’ हे व्यापक नाव रूढ झाले. नाव व्यापक झाले, पण त्याबरोबर एक महत्त्वाची खूण पुसली गेली. टायरामाइन ज्यापासून बनते ते टायरोसिन हे अमिनो आम्ल लीबिग यांनी १८४६ मध्ये चीजमधील केसीनपासून वेगळे केले होते, आणि त्याचे नाव ग्रीक भाषेतील ‘टायरॉस’, म्हणजे चीज, या शब्दावरून आले आहे. हे विकर बंद पाडल्यास चीजमधील द्रव्य शरीरात साचेल, हे विधान त्या दोन नावांतच दडलेले होते. ते वाचले जाण्यास १९६३ साल उजाडावे लागले.

मधल्या काळाचा इतिहास योगायोगाची कथा म्हणून सांगितला जातो. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात सेलिकॉफ व रॉबिट्झेक या डॉक्टरांनी क्षयरोग्यांवर आयसोनियाझिड आणि आयप्रोनियाझिड या दोन भावंडद्रव्यांचे प्रयोग केले. खंगलेले रुग्ण उत्साही झाले, त्यांची भूक वाढली आणि रुग्णालयात आनंदाने नाचणाऱ्या क्षयरोग्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. त्याच वर्षी झेलर यांनी आयप्रोनियाझिड हे मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखते, आयसोनियाझिड मात्र तसे फारसे करीत नाही, असे दाखविले. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी आयप्रोनियाझिडचा उपयोग नैराश्याच्या रुग्णांवर होतो असे जाहीर केले.

या कथेत मुंबईचा एक धागा आहे, आणि तो सहसा गाळला जातो. सर्पगंधा ही सह्याद्रीच्या ओलसर जंगलातही आढळणारी वनस्पती. तिच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अभ्यासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो असे १९५५ मध्ये ब्रोडी, प्लेचर व शोर यांनी दाखविले. रेसर्पिन दिलेले प्राणी मलूल होत. त्यांना आधी आयप्रोनियाझिड दिले असल्यास मात्र ते उलट चपळ होत. एक द्रव्य साठा रिकामा करते, दुसरे विघटन थांबवून तो टिकविते, या विरोधातूनच नैराश्याचे मोनोअमाइन गृहीतक आकारास आले. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत डॉ. वकील आणि नेथन क्लाइन ही दोन्ही नावे आहेत. मराठी वाचकाला हा विषय सर्वस्वी आयात वाटण्याचे म्हणूनच कारण नाही.

तलावाची उपमा आणि तिची मर्यादा

या औषधांचे कार्य समजावताना साठ्याची उपमा नेहमी वापरली जाते, आणि धामापूरच्या तलावाच्या साक्षीने ती अधिकच सुबोध होते. दोन चेतापेशींच्या मधल्या सूक्ष्म फटीत सेरोटोनिन, नॉरएड्रिनॅलिन, डोपामाइन ही संदेशवाहक द्रव्ये सोडली जातात. काम झाल्यावर ती बहुतांशी मूळ पेशीत परत शोषली जातात, आणि तेथे सूत्रकणिकांच्या बाह्य आवरणावर बसलेले मोनोअमाइन ऑक्सिडेज त्यांचे विघटन करते. हे विकर म्हणजे तलावाचा सांडवा. सांडवा बुजवला की पाण्याची पातळी वाढते; त्याचप्रमाणे विकर रोखले की संदेशवाहकांचा साठा वाढतो.

उपमा येथपर्यंत चालते. पुढे ती दोन ठिकाणी दगा देते. पहिली गोष्ट कालावधीची. विकर रोखले जाण्यास काही तास ते काही दिवस पुरतात; रुग्णाच्या मनःस्थितीत फरक पडण्यास मात्र साधारणपणे दोन ते चार आठवडे जातात. पाणी चढले आणि शेते महिनाभराने ओली झाली, असे कोणत्याही तलावात होत नाही. याचा अर्थ पातळी वाढणे हा उपचाराचा आरंभ आहे. प्रत्यक्ष सुधारणा त्यानंतर चेतापेशींत होणाऱ्या संथ बदलांतून येत असावी. दुसरी गोष्ट अशी की औषधाने पातळी वाढून बरे वाटते यावरून रोगाचे कारण पातळी कमी होणे हेच होते, असा निष्कर्ष निघत नाही. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी मांडलेले गृहीतक संशोधनास दिशा देणारे ठरले, परंतु लोकमानसात ते ‘मेंदूतील रसायनाचा तुटवडा’ अशा ठाशीव विधानात रूपांतरित झाले. रेसर्पिन घेणाऱ्यांना नैराश्य येते हा त्याचा एक आधारस्तंभही नंतरच्या परीक्षणात तितकासा भक्कम राहिला नाही. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी केलेल्या व्यापक आढाव्यात सेरोटोनिनच्या कमतरतेचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. औषध गुणकारी असणे आणि त्याच्या गुणाचे प्रचलित स्पष्टीकरण खरे असणे या दोन भिन्न बाबी आहेत. दुसरी डळमळली म्हणून पहिली नाकारणे ही तेवढीच मोठी चूक होईल.

गुणाचे स्पष्टीकरण असे अपुरे असले तरी धोक्याचे स्पष्टीकरण मात्र बरेच पक्के आहे. या विकराचे अ आणि ब असे दोन प्रकार असल्याचे १९६८ मध्ये जॉन्स्टन यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. अ प्रकार मुख्यतः सेरोटोनिन व नॉरएड्रिनॅलिन यांचे विघटन करतो. डोपामाइन आणि टायरामाइन दोघांनाही चालतात. आतड्याच्या अस्तरात अ प्रकाराचे प्राबल्य असते. अन्नातून आलेले टायरामाइन रक्तात शिरण्यापूर्वीच आतडे व यकृत मिळून त्याचा निकाल लावतात. म्हणूनच निरोगी माणसाच्या रक्तदाबावर परिणाम होण्यास कित्येक शे मिलिग्रॅम टायरामाइन पोटात जावे लागते. जुन्या, दोन्ही प्रकार कायमचे बंद पाडणाऱ्या औषधांनी हा पहारा उठतो. मग १० मिलिग्रॅमही रक्तदाब जाणवण्याइतका वाढवू शकतात आणि सुमारे २५ मिलिग्रॅम जिवावर बेतू शकतात. रक्तात पोहोचलेले टायरामाइन चेतातंतूंच्या टोकांत शिरून तेथील साठवलेले नॉरएड्रिनॅलिन बाहेर ढकलते. रक्तवाहिन्या आकसतात. डोक्याच्या मागील बाजूस ठणका, धडधड, घाम, उलटी, मान ताठरणे ही लक्षणे बहुधा जेवणानंतर दोन तासांच्या आत दिसतात, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. विसंगती अशी की हीच औषधे घेणाऱ्यांची रोजची तक्रार याच्या उलट असते : उठून उभे राहताच रक्तदाब उतरतो व भोवळ येते. त्यामुळे ‘माझे प्रेशर तर कमीच असते’ या समाधानात राहिलेल्या रुग्णाला धोक्याची कल्पनाच येत नाही.

औषध बंद केले की पहारा लगेच परत बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. कायमचे बंद पडलेले विकर पुन्हा कामाला लागत नाही. शरीराला ते नव्याने घडवावे लागते. त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. गोळ्या संपल्या म्हणून पथ्य संपले असे होत नाही.

यादीचे भाषांतर की तत्त्वाचे?

१९६३ मध्ये लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी या औषधांवर असताना उठणाऱ्या डोकेदुखीचा संबंध चीजशी जोडला. त्यांना धागा मिळाला तो रोव नावाच्या औषधविक्रेत्याच्या पत्रातून. औषध घेणाऱ्या पत्नीला चीज खाल्ल्यावर होणारा त्रास त्याने नेमका टिपला होता. त्याच वर्षी असातूर, लेव्ही व मिल्न यांनी चीजमधील दोषी द्रव्य टायरामाइन असल्याचे दाखविले. आयप्रोनियाझिड तोवर यकृतदाहामुळे अमेरिकेच्या बाजारातून गेले होते; १९६४ मध्ये ट्रॅनिलसायप्रोमिनही तेथे काही काळ मागे घेतले गेले आणि नंतर निर्बंधांसह परतले. ‘चीज परिणाम’ हे नाव तेव्हापासून रूढ आहे, आणि त्या नावानेच पुढील गोंधळाची बीजे पेरली.

कोकणातील घरात मुरवलेल्या चीजची परंपरा नाही. ‘चीज’ या शब्दाशेजारी मराठीत सहज ‘पनीर’ लिहिले जाते. पण पनीर हे दूध आम्लाने फाडून त्याच दिवशी वापरावयाचे द्रव्य. त्यात महिनोन्महिने जिवाणूंनी काम केलेले नसते, म्हणून ताज्या पनीरमध्ये टायरामाइन नगण्य असते. घरच्या ताज्या दह्याचेही तसेच. मूळ तत्त्व दुधाचे नव्हेच, ते काळाचे आणि जिवाणूंचे आहे. प्रथिनयुक्त पदार्थ बराच काळ ठेवला, त्यात जिवाणू वाढले आणि त्यांनी टायरोसिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला, की टायरामाइन तयार होते. हे वाक्य एकदा समजले की यादीची गरजच उरत नाही.

हेच तत्त्व घेऊन धामापूर-मालवणच्या घरातील फळीकडे पाहावे. १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होण्याआधी घरोघर पावसाळ्याची बेगमी होते : खारवलेला सुका बांगडा, सुकट, सोडे, जवळा. उन्हाळ्यात वाळूवर, खळ्यात किंवा दोरीवर सुकविलेली ही मासळी आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत महिनोन्महिने राहते. डब्यास वास लागला, बांगडा ओलसर झाला, तर तो पुन्हा उन्हात टाकून किंवा निखाऱ्यावर भाजून खाल्ला जातो. येथे एक गोष्ट ठासून सांगणे भाग आहे : भाजण्या-तळण्याने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधी तयार केलेले टायरामाइन वा हिस्टामाइन नष्ट होत नाही. किसमुरीच्या खमंगपणाशी सुरक्षिततेचा काही संबंध नाही. हेरिंग वर्ज्य म्हणणाऱ्या इंग्रजी यादीत सुक्या बांगड्याचे नाव नसेल, पण कोकणी ताटात हेरिंगच्या जागी तोच बसला आहे. उलट, सकाळी रापणीत आलेला व दुपारी कालवणात पडलेला ताजा बांगडा या दृष्टीने निर्धोक. माशाची जात तीच. फरक पडतो तो तासांचा आणि बर्फाचा. ‘मासे वर्ज्य’ असे सरसकट सांगणारा सल्ला या किनाऱ्यावर कोणी पाळणार नाही आणि पाळण्याचे कारणही नाही.

अलीकडे या पथ्याविषयीची भीती अतिरंजित होती असा एक विचारप्रवाह पुढे आला आहे. ऑस्ट्रेलियाचे केन गिलमन यांनी तो सविस्तर मांडला. शीतसाखळी, निवडक विरजणे आणि कारखान्यांतील स्वच्छता यांमुळे आजच्या बहुतेक चीजमध्ये टायरामाइन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी असते, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण हा दिलासा ज्या कारणावर उभा आहे ते कारणच उघड्यावर सुकविलेल्या मासळीला लागू पडत नाही. युरोपच्या चीजवरून भीती आयात करणे जसे अपुरे होते, तसेच युरोपच्या चीजवरून निर्धास्तपणा आयात करणेही अपुरे आहे.

मद्याविषयीही तत्त्व उपयोगी पडते. कियांती येथे मिळत नाही, माडी मिळते. माडाच्या पोयीतून गळणारा रस सकाळी नीरा असतो आणि मडक्यातील यीस्ट व जिवाणूंमुळे दुपारपर्यंत आंबतो. गाळणी वा पाश्चरीकरण न झालेली, जिवंत किण्व असलेली पेये या औषधांवर टाळावीत हा नियम मूळचा परदेशातील नळाच्या बिअरवरून आलेला आहे. माडी त्या वर्णनात चपखल बसते. काजूच्या बोंडांपासून गाळलेली दारू मात्र ऊर्ध्वपातित असल्याने टायरामाइनच्या बाबतीत कमी दोषी ठरते, कारण टायरामाइन वाफेबरोबर वर चढत नाही. अर्थात नैराश्याच्या रुग्णाने ती घ्यावी असा याचा अर्थ नव्हे. मद्य स्वतःच नैराश्य वाढविते. सोया सॉसचे नाव जुन्या मराठी पथ्यात असण्याचे कारण नव्हते. आज तालुक्याच्या प्रत्येक बाजारात चायनीजची गाडी उभी असते, आणि सोया सॉस हे तर दीर्घकाळ आंबविलेले प्रथिनच.

भाषांतराचा सर्वांत उद्बोधक घोटाळा शेंगांचा आहे. यादीतील ब्रॉड बीन म्हणजे फाबा. तिच्या शेंगांत लेव्होडोपा असते, आणि ते शरीरात डोपामाइनमध्ये बदलते. विकर बंद असेल तर रक्तदाब चढतो. शेंग म्हटली की कोकणात वाल डोळ्यांसमोर येतो, आणि वालाचे बिरडे विनाकारण बंद होते. वाल ही निराळी वनस्पती आहे. खरे लेव्होडोपा आहे ते कोकणातल्याच एका दुसऱ्या वेलीत, खाजकुयलीत. तिच्या बिया कपिकच्छू किंवा कवचबीज या नावाने शक्तिवर्धक चूर्णांत घातल्या जातात आणि त्यांतील लेव्होडोपाचे प्रमाण फाबाच्या शेंगांपेक्षा कितीतरी अधिक असते. चूर्णाची बाटली ‘औषध’ म्हणून मोजलीच जात नाही, आणि पथ्याच्या यादीतही ती येत नाही. रुग्ण वाल सोडतो व चूर्ण चालू ठेवतो. यादी पाळून पथ्य मोडण्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

ताटाबाहेरचा धोका

अन्नाची चर्चा रंजक असल्याने ती जागा अडविते. वस्तुतः औषधांची परस्परक्रिया हा अधिक गंभीर धोका आहे. विकर बंद असताना सेरोटोनिन वाढविणारे दुसरे औषध दिले तर सेरोटोनिनची विषबाधा होते. रुग्ण अस्वस्थ होतो, हातपाय झटके देतात, घाम फुटतो, ज्वर भराभर चढतो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी दाखल झाली. ती फेनेल्झिन घेत होती. तिला पेथिडिन टोचण्यात आले आणि काही तासांत ती दगावली. मृत्यूच्या कारणावर न्यायालयात दीर्घ वाद झाला, परंतु या दोन औषधांची गाठ हे स्पष्टीकरण पुढे सर्वाधिक मान्य झाले. या प्रकरणातून न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. वैद्यकीय शिक्षणात त्याचे स्मरण बहुधा त्या तासांसाठी होते, औषधांच्या गाठीसाठी कमी.

पेथिडिन रुग्णालयात मिळते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मात्र कोपऱ्यावरच्या औषधदुकानात खोकल्याच्या बाटलीतून मिळते, आणि तेही सेरोटोनिन वाढविते. सर्दीच्या गोळीतील फेनिलएफ्रिन आतड्यात याच विकराने निकामी होते. पहारा उठला की त्याची मूळ मात्राच अनेकपटींनी मोठी ठरते. ट्रॅमाडॉलची गोळी तर गुडघेदुखीवर सर्रास दिली जाते. फ्लुओक्सेटिनसारखे नैराश्यावरील नेहमीचे औषध शरीरातून हळूहळू जात असल्याने ते थांबविल्यावर या वर्गातील औषध सुरू करण्यास सुमारे पाच आठवडे थांबावे लागते. हा सारा तपशील मनोविकारतज्ज्ञास ठाऊक असतो. पण पावसाळ्यात खोकला झाल्यावर गावातील माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही.

न्यायासाठी हेही नोंदविले पाहिजे की या वर्गातील सर्वच औषधे सारख्या जातीची नाहीत. मोक्लोबेमाइड हे अ प्रकारास तात्पुरते रोखते. टायरामाइनचा लोंढा आल्यास ते विकरावरून बाजूला सरते, त्यामुळे पथ्य बरेच सैल होते. सेलेजिलिन व रासाजिलिन नेमून दिलेल्या अल्प मात्रेत फक्त ब प्रकारास रोखतात, आतड्याचा पहारा शाबूत राहतो. अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या सेलेजिलिनच्या त्वचेवर लावावयाच्या पट्टीलाही सर्वांत कमी मात्रेत आहारबंधन नाही. पण सेलेजिलिनची निवडक वृत्ती मात्रेच्या बळावर टिकते. ‘कंप थांबत नाही’ म्हणून घरच्यांनी दहा मिलिग्रॅमच्या जागी अधिक गोळ्या दिल्या की ब पुरता मर्यादित असलेला अडथळा अ कडेही सरकतो, आणि फळीवरचा सुका बांगडा पुन्हा प्रस्तुत होतो.

क्षयाकडे परत

आयप्रोनियाझिड क्षयाच्या वॉर्डातून मनोविकारांच्या वॉर्डात गेले. आता प्रवास उलट दिशेने होत आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधांची सहा महिन्यांची उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये शिफारस केली आणि भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमासाठी तिला मान्यता दिली. त्यांतील लिनेझोलिड हे मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या दोन्ही प्रकारांना सौम्यपणे व तात्पुरते रोखते. एका जेवणात १०० मिलिग्रॅमहून अधिक टायरामाइन टाळावे अशी सूचना त्याच्यासोबत असते. ही मर्यादा सैल आहे आणि साध्या जेवणात ती ओलांडली जाणे कठीण. पण लिनेझोलिड आठवडे-महिने चालते, आणि क्षयाच्या दीर्घ आजारात खचलेल्या रुग्णास नैराश्यावरील गोळी दिली जाणे अगदी स्वाभाविक आहे. क्षयाची चिठ्ठी एका दवाखान्यातील, नैराश्याची दुसऱ्या. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी एकाच नजरेखाली आल्या नाहीत, तर सेरोटोनिनच्या विषबाधेचा ज्वर क्षयाचाच ज्वर समजला जाण्याचा संभव आहे.

आयसोनियाझिड, म्हणजे स्टेटन आयलंडवरील त्या जोडीतील दुसरे भावंड, आजही क्षयाच्या पहिल्या फळीतील औषध आहे. मोनोअमाइन ऑक्सिडेजला ते फारसे शिवत नाही, परंतु हिस्टामाइनचा निकाल लावणाऱ्या दुसऱ्या एका विकराला ते रोखते. १९७० च्या दशकात श्रीलंकेतील डॉ. सी. जी. उरागोडा यांनी आयसोनियाझिड घेणाऱ्या क्षयरोग्यांना ट्यूना जातीचे मासे, म्हणजे इकडील कुपा, खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, धडधड व खाज असा त्रास होतो असे नोंदविले. बांगडा त्याच कुळातला. त्याच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते आणि बर्फ कमी पडला की तासाभागात त्याचे हिस्टामाइन होऊ लागते. इंग्लंड-अमेरिकेच्या यादीत ही नोंद येणे शक्य नव्हते, कारण ती मासे खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या क्षयरुग्णालयातच दिसू शकत होती. कोलंबोजवळच्या डॉक्टरांनी रुग्णाने आदल्या जेवणात काय खाल्ले हे विचारले म्हणून ती सापडली. मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न विचारायचा तर बांगडा ताजा होता की ठेवणीतला, आणि घरात कोणत्या चूर्णाची बाटली चालू आहे, हेही त्याच दमात विचारावे लागेल.